पणजीचं नाव सापडलं (कोतवाल बुक, १९१८)

आंबाडी
नमस्कार मंडळी, लय दिवसांनी धागा काढून राह्यली, सांभाळून घ्या. पुतणीच्या जात पडताळणीसाठी जुने कागद लागत होते, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे आणि जेवढा जुना तेवढा भक्कम असं सगळेच सांगतात, म्हणून मी आणि भाऊ तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस बसलो. दारव्हा-कारंजा पट्ट्यातलं बाजाराचं गाव आमचं. पणजोबाची जन्मनोंद काही मिळाली नाही, पण १९१८ च्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, मयताच्या पानावर पणजोबाचं नाव दिसलं आणि त्याच ओळीत पणजी. तारीख २६ ऑक्टोबर १९१८, वय २५, आजार ताप. मोडीत आहे सगळं, तिथल्या एका म्हाताऱ्या माणसानं बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि नाव सांगितलं जवजी.

जवजी! मी तिथंच बाकावर बसली. कारण आमच्या घरात या बाईचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या आजोबाची ती सख्खी आई, पण आजोबा तीन वर्षांचे असताना गेली, आणि घरात तिला कायम "मोठी" म्हणूनच ओळखतात. पणजोबानं चार महिन्यांत दुसरं लग्न केलं, ती दुसरी म्हणजे आमची धाकली बुढी, तिला मी पाहिलं आहे, १९८१ मध्ये गेली, मी तेरा वर्षांची होती.

धाकल्या बुढीच्या गळ्यात काळ्या गोफात मण्यांसोबत एक चांदीचा टाक असायचा, अंगठ्याच्या नखाएवढा पातळ पत्रा आणि त्यावर ठोकून काढलेली बाई. नाक-डोळे झिजून सपाट झाले होते, फक्त पदराची रेघ आणि दोन हात समजायचे. ताट वाढलं की पहिला घास ती त्या टाकाला लावायची आणि मगच जेवायची, रोज, न चुकता, तापात पडली असली तरी. आम्ही पोरं पुसायचो काय हाय ते, तर म्हणायची, "हे मोठी हाय. घर तिचं हाय. मी मांगून आली." नाव पुसलं की म्हणे, "मले कोणं सांगतलंच नाही तं मी तुले काय सांगू."

आता दुसरी गोष्ट, जी घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. एक चुलत काका होते, ते सांगायचे की मोठी काही आजारानं गेली नाही, बावडीत गेली. पणजोबाच्या मनात दुसरी बाई होती म्हणून. मी ते ऐकलं तेव्हा कॉलेजात होती आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. आता कागदावर ताप लिहिलेला आहे. तुम्ही लोक जुने कागद पाहता, मले सांगा, कोतवालानं लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा का? ओळीचा फोटो जोडते आहे.

वऱ्हाडातला
ताई, ऑक्टोबर १९१८ म्हटल्यावर मले तर शंकाच नाही. मानमोडी. माझी आजी अंजनगावकडची, ती गोष्ट सांगताना "मानमोडीच्या आंधी" आणि "मानमोडीच्या बाद" असेच दिवस मोजायची. इन्फ्लुएंझाची ती साथ, जगभर होती, पण आपल्याकडं तिचं नाव पडलं मानमोडी, कारण ताप आला की मान-पाठ मोडून निघायची, माणूस उभा राहू शकत नव्हता. जूनमध्ये मुंबईत आली ती साधी होती, सप्टेंबरपासून जी दुसऱ्यांदा आली ती मारणारी. मध्यप्रांत आणि वऱ्हाड म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानात सगळ्यात जास्त माणसं गेली त्या भागांपैकी एक. देशात १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की जनगणनेत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, त्याचं मोठं कारण ही साथ. मुंबईची मोठी गाडी मूर्तिजापूरला थांबायची, तिथून आपली छोटी गाडी कारंजा, दारव्हा, यवतमाळ. रोग त्याच रस्त्यानं तुमच्या गावात उतरला असणार.

काळी_कसदार
वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. त्या साली पाऊसही गेला होता. साथ आली ती पोट रिकामं असताना आली, लढाई चालू असल्यामुळं महागाई तर आधीच होती. ज्वारी हातात नाही, कापसाची बोंडं फुटायची वेळ आणि घरोघरी वेचायला माणूस नाही. आमच्या घरी असं सांगतात की त्या वर्षी सीतादही झालीच नाही, वावराच्या मालकिणीच आडव्या पडल्या होत्या तर दहीभात कोण नेणार. पहिल्या वेचणीला वावरात दही-भात ठेवल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत आपल्याकडं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल हे किती मोठं आहे.

मोडीवाचक
आंबाडीताई, फोटो मोठा करून पाहिला. तारीख, वय, आजार बरोबर वाचलंय. पण नाव "जवजी" नाही. सांगताना मला वाईट वाटतंय, तरी सांगायला हवं. तो शब्द "जौजे" आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नीट कळत नाही आणि लिहिणाऱ्याचा हात घाईचा आहे म्हणून वाचणाऱ्यांची गफलत झाली असेल. जौजे हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ "ची बायको". वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडं होता, तिथल्या कागदांत मुलगा असला की वल्द आणि बायको असली की जौजे असं पुढं कितीतरी वर्षं लिहीत राहिले, जुन्या सातबारातही सापडतं. एरवी "अमुकबाई जौजे तमुक" असं असतं. इथं आधीचं नाव लिहिलेलंच नाही. नुसतं जौजे आणि पुढं तुमच्या पणजोबांचं नाव. म्हणजे "यांची बायको".

आंबाडी
चार दिवस मी तिला जवजी म्हणून राह्यली होती. देवापुढं दिवा लावताना सुद्धा. भावाला फोन केला, तोही गप्प झाला.

पळसफूल
ताई, मनाला लावून घेऊ नका. आमच्या पणजीची जन्मनोंद मी काढली तर तिथं फक्त "मुलगी" लिहिलं होतं आणि बापाचं नाव. सगळ्या पानावर तसंच. पोरांची पण नावं नसायची पुष्कळदा, बारशाच्या आधीच कोतवाल लिहून मोकळा व्हायचा, पण पोरांची नावं पुढं शाळेच्या दाखल्यात, शेताच्या कागदात येतात, बायकांची कुठंच येत नाहीत. माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरचं नाव कोणी घेतलं नाही.

बावडीचं म्हणाल तर मी जरा वेगळं बोलते. ताप लिहिलाय म्हणून ताप असेलच असं नाही. त्या वेळी इन्फ्लुएंझाचा वेगळा रकाना नव्हता, सगळं तापात जायचं, आणि घरातल्या माणसांनी ताप सांगितला तर कोतवाल ताप लिहिणार. बाई विहिरीत गेली हे पाटलाला कळू द्यायचं नाही म्हणून ताप सांगितलेली घरं मला माहीत आहेत. तुमच्या काकांना ही गोष्ट कुठून आली, ते शोधा.

आंबाडी
पळसफूल, खरं आहे, मीही रात्रभर तेच विचार करत होती. काका १९९० मध्ये गेले, त्यांना आता पुसता येत नाही. त्यांचा जन्मच १९३० चा, म्हणजे त्यांनी पण ऐकूनच सांगितलं. चार महिन्यांत दुसरं लग्न झालं हेच लोकांच्या तोंडी राहिलं असेल का?

वऱ्हाडातला
चार महिन्यांत लग्न त्या साली नवल नव्हतं. तीन वर्षांचं पोरगं घरात, वावर उभं, भाकर टाकायला कोणी नाही. या साथीत मेले ते म्हातारे नाहीत, वीस ते चाळीसचे तरणेताठे जास्त गेले, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या, हे आकड्यांवरून निघालेलं आहे. बाईचं जेवण आधीच शेवटचं, त्यात आजाऱ्याच्या उशाशी तीच बसणार, पाणी तीच आणणार. आणि पोटुशी असेल तर मग विचारूच नका, त्या साथीत पोटुशा बायांचे हाल सगळ्यात वाईट झाले. घरोघरी तरणे विधुर झाले होते.

तारखेचं पण सांगतो. त्या सालचा दसरा १५ ऑक्टोबरला होता, शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तोच दिवस. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे मोठी दसरा-दिवाळीच्या मधात गेली. घरात तसं काही सांगतात का?

आंबाडी
अहो हो!! धाकली बुढी सांगायची की तिच्या लग्नाच्या आधीच्या दिवाळीत या घरात पणती लागली नव्हती. आम्ही तिला अविधवा नवमीला जेवू घालतो, सवाष्ण गेली म्हणून, त्यामुळं मले वाटायचं ती पितृपक्षातच गेली. तसं नाहीच ना ते, कोणत्याही तिथीला गेली तरी सवाष्णीचं नवमीलाच करतात.

आणखी एक आठवलं, आत्यानं सांगितलेलं. त्या गल्लीत सात-आठ घरं होती, त्यातली बहुतेक घरं आडवी पडली होती, बावडीवरून पाणी शेंदायला उभी राहू शकणारी बाई मोठीच होती. ती सकाळी ज्वारीच्या कण्या शिजवायची, पातळ, मीठ घालून, आणि घरोघरी दारात ठेवून यायची, आत जायची नाही, नुसता कडीचा आवाज करायची. आत्याला हे गल्लीतल्याच एका म्हातारीनं सांगितलं होतं, त्या म्हातारीला लहानपणी त्या कण्या मिळाल्या होत्या. बावडीशी मोठीचं नाव जोडलं गेलं ते कदाचित यामुळंच, दिवसभर ती तिथंच दिसायची.

मोडीवाचक
ताई, एक विनंती. तुम्ही फक्त एका ओळीचा फोटो टाकलाय. पूर्ण पानाचा आहे का? वरखाली काय लिहिलंय त्यावरून आजाराचं बरंच कळेल.

आंबाडी
भावाच्या मोबाईलमध्ये आहे, दोन्ही पानं. हे घ्या.

मोडीवाचक
पाहिलं. रात्री बसून दोन्ही पानं उतरवून काढली.

पहिली गोष्ट, आजाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप. सुरुवातीला "ताप" पूर्ण लिहिलाय, मग नुसता "ता", आणि दुसऱ्या पानावर तर वरच्यासारखंच असं दाखवायला खालीपर्यंत एक उभी रेघ ओढलीय. लिहिणारा थकला होता. एका घरातली तीन-तीन नावं एकाखाली एक आहेत. शाई मध्येच बदलते आणि अक्षर पण बदलतं, म्हणजे मधात दुसरा माणूस लिहायला बसला.

दुसरी गोष्ट मला थोडं थांबून सांगायची होती, पण तुम्हाला कळायला हवी. तुमच्या पणजीच्या खाली दोन ओळी सोडून पुन्हा तुमच्या पणजोबांचं नाव आहे. तारीख तीच, २६ ऑक्टोबर. "मुलगी". वयाच्या रकान्यात "दिवस १".

पळसफूल
ताई 🙏
माझा बावडीचा प्रतिसाद मागे घेते. दिवस भरत आलेली बाई तापात बाळंत झाली आणि दोघी एकाच दिवशी गेल्या. हे लपवायला ताप लिहिलेलं नाही.

काळी_कसदार
दिवस भरलेले असताना ती बावडीवरून पाणी शेंदून गल्लीला कण्या घालत होती.

आंबाडी
काल उत्तर देता आलं नाही. भाऊ, वहिनी, मी, पुतणी, आम्ही सगळे भावाच्या घरी बसून ते पान पुन्हा पुन्हा पाहिलं. आजोबाला एक बहीण होती हे आजोबालाच माहीत नव्हतं, ८२ वर्षांचे होऊन गेले ते. एक दिवस जगली, पण जगली ना. पणजोबाचं काय झालं असेल त्या दिवशी, एका सरणावर दोघींना ठेवलं असेल का. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, म्हणजे तो एकाच दिवशी दोन जागी गेला असेल. तीन वर्षांचे आजोबा तेव्हा कोणाजवळ होते.

काकावर माझा राग नाही. पण पणजोबाच्या नावावर शंभर वर्षं हे बोलणं राहिलं आणि मीही ते मनात धरून बसली, त्याच्या फोटोपुढं कधी हात जोडले नाहीत मी. आता जोडले.

पुतणी म्हणे, आत्या, वैधता मिळेल तेव्हा मिळेल, पण मोठीचं नाव पाहिजे. सोळा-सतरा वर्षांची असताना या घरात आली ती, शेगावच्या गजानन महाराजांनी समाधी घेतली त्या साली लग्न झालं असं सांगतात, म्हणजे १९१०. आठ वर्षं राहिली. आठ वर्षं कोणीतरी तिला नावानं हाक मारली असेल ना.

सरकारी_दप्तर
नोकरीत पस्तीस वर्षं कागदच पाहिले म्हणून सांगतो. कागदात नाही सापडणार. शेत तिच्या नावानं नसणार, शाळेत ती गेली नसणार. मुलाच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या दाखल्यात आईचं नाव त्या काळी लिहीत नव्हते. माहेरचं गाव माहीत असेल तर तिथं वंशावळी लिहिणाऱ्या भाटाकडं विचारून पाहा, पण भाट सुद्धा पोरांचीच नावं लिहितात जास्त करून.

कागद सोडा आणि भांडी पाहा. लग्नातल्या आंदणाची पितळी भांडी कोणाकडं आहेत का? गुंड, परात, गंज, काही पण. कानाखाली किंवा बुडाला टिंबाटिंबानं नाव ठोकलेलं असतं. बहुतेक वेळा देणाऱ्याचं असतं, पण कधीकधी जिला दिलं तिचंही असतं.

पळसफूल
हे मस्त सुचवलंत काका. आमच्याकडं परातीवर आहे असं.

आंबाडी
सरकारी_दप्तर काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि अंगावर काटाच आला. आत्याकडं कारंज्याला एक पितळी गुंड आहे, जुन्या घरातला. दरवर्षी आखाजीला (अक्षय तृतीयेला) पितरांच्या घागरी भरायला पाणी त्यातच आणतात, एरवी माळ्यावर असतो. धाकल्या बुढीनं तो कधी वापरू दिला नाही म्हणे, "मोठीचा हाय, ठेवा" एवढंच. रविवारी जाते.

वऱ्हाडातला
जा ताई. चिंच आणि राखेनं घासा, ब्रासो लावू नका, बारीक ठोकणी असेल तर पुसून जाते.

आंबाडी
जाऊन आली.

माळ्यावरून काढला तेव्हा काळाकुट्ट होता. आत्या ८० ची आहे, तिला खाली बसवत नाही, तर तिनं खुर्चीवर बसून सांगितलं आणि मी अंगणात चिंचेच्या कोळानं घासला. एका बाजूला चेपलेला आहे, कधी आपटल्यासारखा. कानाच्या खाली काहीच नव्हतं. मग बुडाजवळ, जिथं चुंबळीवर बसतो तिथं, बोटाला खरखर लागली. राख भरली आणि वरून पुसली, तशी टिंबं पांढरी उठली. दोन ओळी. बाळबोध अक्षर आहे, मोडी नाही, मले माझं मलेच वाचता आलं. वरच्या ओळीत तिचं नाव आणि पुढं "हिस", खालच्या ओळीत "आंदण", आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव, अर्धं झिजलेलं, पण आत्यानं ओळखलं, दिग्रसकडचं आहे.

आत्यानं ते नाव दोनदा-तीनदा म्हणून पाहिलं. मग म्हणे, "अवं, हे तं माह्यं पाळण्यातलं नाव हाय." आत्याचं पाळण्यात वेगळं नाव ठेवलं होतं, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, ते ठेवलं होतं धाकल्या बुढीनं, नात झाली तेव्हा कानात कुर्रर्र करताना. म्हणजे तिला माहीत होतं. चांदीच्या टाकाला रोज घास लावणाऱ्या त्या बाईला नाव माहीत होतं, आम्हाला सांगतलंच नाही म्हणायची ती, आणि नातीच्या कानात मात्र सांगून ठेवलं. काहून लपवलं असेल, सवतीचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून, की आणखी काही, आत्याला पण सांगता आलं नाही, ती नुसती गुंडावर हात फिरवत राहिली.

नाव मी इथं लिहीत नाही, रागवू नका. आत्या म्हणाली नेटवर टाकू नको, आधी घागर भरताना घे.

मोडीवाचक
अजिबात लिहू नका ताई. इतकं सांगितलंत तेच खूप झालं.

सरकारी_दप्तर
गुंडाच्या त्या दोन ओळींचा फोटो मात्र नीट काढून घरच्या सगळ्यांकडं ठेवा, आणि कोतवाल बुकाच्या दोन्ही पानांच्या प्रमाणित नकलाही घेऊन ठेवा. तिथला कागद हात लावला की तुटतो, आणखी दहा वर्षांनी मिळेलच असं नाही. मुलीच्या ओळीची नक्कल वेगळी मागा.

आंबाडी
हो काका, अर्ज दिला आज, दोन्ही पानांचा. आणि आखाजीसाठी कुंभाराकडं घागरी सांगून आली. दरवर्षी दोन असतात, यंदा तीन सांगितल्या, तिसरी लहान.